उलटी छत्री आणि बांधावरची बाभूळ

बोरं झाडताना आपण झाडाखाली जुनं लुगडं अंथरतो आणि फांदी हलवतो. बोरांबरोबर भुंगेरे पडतात, कोळीही पडतात. ते आपण झटकून टाकतो. किडे अभ्यासणाऱ्यांनी मात्र याच रीतीचं साधन केलं. त्याची आज गोष्ट.

एकोणिसाव्या शतकात युरोपातले अभ्यासक फांदीखाली छत्री उलटी धरत आणि फांदीवर काठीचे टोले देत. छत्रीला आतून पांढरं कापड असलं की बारीक जीवही उठून दिसे. पुढे दोन आडव्या काठ्यांवर ताणलेलं चौकोनी कापड आलं. झुडपांवरून फिरवायला जाड कापडाची, दांड्याची झोळी आली. नाजूक किडा चिमटीत चिरडतो, म्हणून दोन नळ्यांची बाटली निघाली. एका नळीनं तोंडानं हवा ओढायची, दुसरीतून किडा आत येतो. ओढायच्या नळीला आतून जाळी असते, म्हणून तो तोंडात जात नाही.

एवढा खटाटोप कशाला? सगळेच कोळी जाळं विणून शिकार करत नाहीत. खेकडा कोळी फुलात, पानाआड दबा धरून बसतो. नुसत्या नजरेला तो सापडत नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र पुण्यात १९५९ साली सुरू झालं. याच संस्थेतले बी. के. टिकादर यांनी आयुष्यभर कोळी अभ्यासले. खेकडा कोळ्यांवरचं त्यांचं मोठं काम १९८० साली छापून आलं.

आता आपल्या नसरापूरच्या शिवारात या. पहिला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे अंधार पडताना जमिनीतून निघतात आणि बाभूळ, कडुनिंब, बोरीवर पाला खायला जमतात. तेव्हा खाली कापड अंथरून फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. त्यांनी जमिनीत अंडी घालण्याआधी हे व्हायला हवं, आणि शेजारच्या बांधांवरही त्याच दिवसांत. एकटीनं करून भागत नाही; गटानं करायचं हे काम आहे.

फक्त कापड झटकण्याआधी बॅटरीच्या उजेडात पाय मोजा. सहा पायांचा तो किडा, आठ पायांचा तो कोळी. कोळ्याला सोडून द्या. भातातले तुडतुडे तोच खातो. विषारी फवाऱ्याला हा फरक कळत नाही, आपल्याला कळतो.

आणि हो, बनेश्वराच्या बनातली झाडी झोडपू नका. आपल्या बांधावरची बाभूळ पुरे.