आख्यान आणि काळा चबुतरा

जीर्णोद्धार म्हटला की दगड, चुना, शिखर व कळस यांचा हिशेब आधी डोळ्यांपुढे येतो, आणि ते योग्यच होय. परंतु देवळाच्या सभामंडपाने पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक ठेवा सांभाळला आहे. तो म्हणजे कथा.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन तत्त्वनिरूपण करतात. उत्तररंगात आख्यान लावतात. पूर्वरंगातील वेदान्त किती जणांच्या ध्यानी राहतो, हे श्रोत्यांनीच सांगावे! आख्यान मात्र शेताच्या बांधापर्यंत बरोबर येते. पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी नेलेले गंगाजल तहानेल्या गाढवास पाजले, ही कथा ऐकलेल्या माणसाला भूतदयेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. नाथांनी १५९९ साली देह ठेवला. ताहराबादच्या महिपतींचा ‘भक्तलीलामृत’ ग्रंथ १७७४ मधला. मधली पावणेदोनशे वर्षे नाथांचे चरित्र टिकले, ते मुख्यतः सांगणाऱ्यांच्या व ऐकणाऱ्यांच्या बळावर.

सांगणारा बदलला की कथेचा अर्थही बदलतो. याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, क्रांती चौक जालना रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. या जागेची जुनी ओळख ‘काळा चबुतरा’ अशी होती.

जून १८५७ मध्ये येथील छावणीत हैदराबाद कंटिन्जंटचे पहिले घोडदळ होते. ही फौज निजामाच्या नावाची, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार, अशी वार्ता घोडेस्वारांत पसरली आणि त्यांनी राज्याबाहेर जाण्यास नकार दिला. जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. मीर फिदा अली या स्वारास फाशी झाली; कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले.

सरकारी दप्तराने याला बंड म्हटले. त्या कथेत स्वार हे निमकहराम, आणि चबुतरा ही इतरांना बसविलेली दहशत. निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपेपर्यंत दुसरी बाजू चारचौघांत मोठ्याने सांगण्यास फारसा वावही नव्हता. पुढे त्याच जागेला लोकांनी क्रांतीचे नाव दिले. घटना तीच, मृत्यूही तेच. परंतु मारल्या गेलेल्यांना पूर्वी गुन्हेगार समजले जाई, आता हुतात्मे समजले जाऊ लागले. पराभव म्हणजे सर्व संपणे नव्हे, हे एखाद्या प्रांताला कळते ते अशाच रीतीने.

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी या चौकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या भव्य अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. महाराजांची कथा पोवाड्यांनी व कीर्तनकारांनी घरोघर पोचविली आहे, म्हणून तेथे आलेल्या लहान मुलालाही पुतळा कोणाचा हे विचारावे लागत नाही. फिदा अलीच्या वाट्याला अद्याप तसा सांगणारा आलेला नाही. देवळांच्या सप्ताहांत हुतात्म्यांची आख्याने लावण्याची प्रथा जुनीच आहे. काळ्या चबुतऱ्याचे आख्यान कोणी बुवांनी लावल्यास गावोगावच्या मंडपांत त्याला श्रोते मिळतील.