खाण कुणाची, सही कुणाची

तांब्याचा हंडा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पाण्याचे भांडे येते. मध्य आफ्रिकेतल्या काँगो देशाच्या कटांगा भागात ‘हांडा’ म्हणजे तांब्याचा फुलीच्या आकाराचा ओतीव तुकडा. नामसाधर्म्य निव्वळ योगायोगाचे, पण वस्तू लक्षात ठेवावी अशी. मॅलाकाइटचे हिरवे खडे वेचायचे, कोळशाच्या भट्टीत भात्याने वारा घालून ते वितळवायचे आणि रस फुलीच्या साच्यात ओतायचा, हे काम तिथले कारागीर कित्येक शतके करत आले होते. ही फुली बाजारात नाण्यासारखी चाले आणि लग्नात देज म्हणूनही दिली जाई. म्हणजे काँगोच्या भूमीतली संपत्ती युरोपीय माणूस येईपर्यंत अज्ञात पडून होती, हे खरे नाही. ती खणली जात होती, विकली जात होती आणि तिच्यावर कुणाचा हक्क याचे काही नियमही होते. काँगोच्या दुर्दैवाचे खापर नेहमी त्याच्या खनिजांवर फुटते. मला ते पटत नाही. तांबे, युरेनियम, कोल्टन यांनी कुणाला युद्धाचे आवतण धाडले नव्हते. ते विकण्यासाठी कुणाची सही ग्राह्य धरायची, हे दीडशे वर्षे देशाबाहेर ठरत आले, आणि माझ्या मते युद्धांची मुळे तिथे आहेत.

कटांगात पहिली सही मागितली गेली ती म्सिरी नावाच्या राजाकडे. बुंकेया ही त्याची राजधानी. तांबे, हस्तिदंत आणि गुलाम यांच्या व्यापारावर त्याने राज्य उभारले होते, आणि तो काही संत नव्हता. १८९० मध्ये ब्रिटिशांचा माणूस करार घेऊन आला, त्याला म्सिरीने परत पाठवले. पुढच्या वर्षी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची मोहीम कॅप्टन स्टेअर्सच्या नेतृत्वाखाली आली. काँगो फ्री स्टेट ही तेव्हा लिओपोल्डची खासगी मालमत्ता होती, आणि तिचे निशाण म्सिरीने आपल्या गावावर लावावे अशी मागणी झाली. म्सिरी तयार होईना. २० डिसेंबर १८९१ रोजी मोहिमेतल्या एका बेल्जियन अधिकाऱ्याने त्याला गोळी घातली. झटापटीत तो अधिकारीही मेला. म्सिरीच्या वारसाने मग अधिपत्य मान्य केले. सही नाकारणारा नाहीसा करून सही देणारा शोधायचा, ही रीत कटांगात इथून सुरू झाली.

१९०६ मध्ये युनियन मिनिएर ही खाण कंपनी स्थापन झाली आणि कटांगाचे तांबे, कोबाल्ट, पुढे युरेनियमही तिच्या हाती गेले. शिंकोलोब्वेच्या खाणीतले युरेनियम इतके कसदार होते की अमेरिकेतले खनिज त्याच्यापुढे माती ठरावे. कंपनीचे सूत्रधार एदगार सेंजिए यांनी १९४० मध्ये बाराशे टनांहून अधिक खनिज पिंपांत भरून न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या गोदामात आणून ठेवले. सप्टेंबर १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याचा एक कर्नल, केनेथ निकल्स, त्यांच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत गेला. बोलणी फार वेळ चाललीच नाहीत. एका पिवळ्या कागदावर मोजकी वाक्ये लिहिली गेली, कार्बन प्रत सेंजिए यांना मिळाली आणि अणुबाँबच्या कच्च्या मालाची सोय झाली. खनिज काँगोचे, ते खणणारे मजूर काँगोचे, पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना काँगोचा कुणी नव्हता. काँगोवासीयांना तेव्हा मतदानाचाही अधिकार नव्हता, तर खनिजाबद्दल त्यांना कोण विचारणार?

३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. त्याआधी जेमतेम तीन दिवस बेल्जियमने कटांगातली एक निमसरकारी संस्था विसर्जित करून टाकली. या संस्थेच्या भागभांडवलाच्या जोरावर नव्या सरकारला युनियन मिनिएरमध्ये बहुमताचे वजन मिळाले असते. झेंडा बदलायच्या आत हिशेबाची वही अशी बदलली गेली. ११ जुलैला मोईझ चोंबे यांनी कटांगा फुटून निघाल्याची घोषणा केली. या कटांगाला कुठल्याही देशाने, अगदी बेल्जियमनेही, अधिकृत मान्यता दिली नाही. तरी कंपनीने आपले कर राजधानीकडे पाठवण्याऐवजी चोंबे यांच्या तिजोरीत भरायला सुरुवात केली. त्या पैशांवर भाडोत्री सैनिक आले, बेल्जियन अधिकारी सल्लागार म्हणून बसले. मान्यता नसलेले राज्य अडीच वर्षे टिकले ते या पावत्यांच्या जोरावर. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना सप्टेंबरात पदावरून काढले गेले, पुढे पकडून १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगातच नेले आणि त्याच रात्री गोळ्या घातल्या. बेल्जियन अधिकारी तिथे हजर होते. मृतदेह आम्लात विरघळवला. उरलेला एक दात बेल्जियमने २०२२ मध्ये त्यांच्या कुटुंबाकडे सोपवला.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि भारतीय वाचकाने तो घ्यायलाच हवा. परकी हस्तक्षेप म्हणजे सगळा लुटीचाच, असे कसे म्हणता? कटांगाचे बंड मोडले ते संयुक्त राष्ट्रांच्या फौजेने, आणि त्या फौजेत भारताची जवळपास पाच हजारांची ब्रिगेड होती. कटांगाची राजधानी एलिझाबेथव्हिल इथे ५ डिसेंबर १९६१ रोजी रस्त्यावरची नाकेबंदी फोडताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले, त्यांना परमवीरचक्र मिळाले. हे मान्यच. जानेवारी १९६३ मध्ये कटांगा पुन्हा देशात आला तो या सैनिकांमुळे. पण फौजेला अधिकार होता तो बंड मोडण्याचा. खाणीचे करार तिच्या कक्षेबाहेर होते. बंडखोर हरले, युनियन मिनिएर जागच्या जागी राहिली.

तिचे राष्ट्रीयीकरण राष्ट्राध्यक्ष मोबुटू यांनी १९६७ मध्ये केले. तेव्हा प्रश्न सुटायला हवा होता. सुटला नाही, कारण ‘राष्ट्र’ म्हणजे एकटे मोबुटू झाले आणि त्यांची सही वॉशिंग्टन, पॅरिस, ब्रुसेल्स सगळीकडे चालत होती. ती चालत राहावी म्हणून १९७८ मध्ये कटांगातल्या कोल्वेझी या खाणींच्या गावात फ्रेंच छत्रीधारी सैनिक उतरले. सरकारी खाण कंपनीचा पैसा राजवाड्याकडे वळला, यंत्रे गंजली आणि १९८०च्या दशकात वर्षाला चार लाख टनांच्या पुढे असलेले तांब्याचे उत्पादन पुढच्या दशकात त्याच्या दहाव्या हिश्शावर आले. या बाबतीत दोष परक्यांवर ढकलून मोकळे होता येत नाही.

मग काही जण म्हणतात, संपत्ती हाच शाप. बोट्स्वानाकडे पाहावे. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या देशात वर्षभरात ओरापाला हिरे सापडले, तेही अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखात. खामा यांनी खनिजांचा हक्क जमातींकडून काढून राज्याकडे देणारा कायदा केला आणि कंपनीशी बोलणी राज्याने केली. हिरे तिथेही होतेच, लढाई झाली नाही. बोट्स्वाना छोटा आहे, लोकसंख्या विरळ आहे, ही तुलना पुरती जुळत नाही, हे खरे. पण शापाचा सिद्धान्त मोडायला एक उदाहरण पुरते.

याहून जड आक्षेप १९९६ नंतरच्या युद्धांबद्दलचा. ती खनिजांसाठी झाली नाहीत, रवांडातल्या १९९४ च्या वंशहत्येतून झाली, असे अनेक अभ्यासक सांगतात. सुरुवातीपुरते ते बरोबर आहे. मारेकरी सरहद्द ओलांडून काँगोत लपले होते, पूर्व काँगोतल्या किवूत जमिनीचे आणि नागरिकत्वाचे जुने तंटे धुमसत होते. पण मोबुटूंविरुद्ध निघालेल्या लोराँ कबिला यांनी राजधानी किन्शासा हाती येण्याआधीच, एप्रिल १९९७ मध्ये, एका परदेशी कंपनीशी सुमारे एक अब्ज डॉलरचा खाणकरार केला. देश अजून मोबुटूंचा होता, सही मात्र कबिलांची चालली. आणि काँगोत सैन्य घुसवलेले रवांडा-युगांडा हे दोस्त जून २००० मध्ये सरहद्दीपासून शेकडो किलोमीटर आत, हिऱ्यांचा व्यापार चालणाऱ्या किसांगानी शहरात सहा दिवस एकमेकांवर तोफा डागत होते, ते कुठल्या मारेकऱ्यांना पकडण्यासाठी? मेले ते शहरातले लोक. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००५ मध्ये युगांडाला लुटीसाठी जबाबदार धरले, पण लूट हे युगांडा सरकारचे धोरण होते असा पुरावा नाही, असेही म्हटले. हे वाक्य माझ्या विरोधात जाते असे वरवर वाटेल. मला ते उलट वाटते. धोरण लागतच नव्हते. ज्या सेनाधिकाऱ्याच्या ताब्यात धावपट्टी, त्याच्या चिठ्ठीवर माल विमानात चढत होता, आणि पलीकडचा खरेदीदार चिठ्ठी पुरेशी मानत होता. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने भरपाई ठरवली ३२.५ कोटी डॉलर. त्यातले नैसर्गिक संपत्तीपोटी ६ कोटी.

२०२४ च्या वसंतात रवांडाचे पाठबळ असलेल्या एम-२३ या बंडखोरांनी किवूतला रुबायाचा डोंगर घेतला. तिथल्या चिखलातून फावड्याने काढलेल्या कोल्टनपासून टँटलम मिळते, आणि ते फोनमधल्या कपॅसिटरमध्ये जाते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवले की बंडखोरांना तिथून महिन्याला किमान आठ लाख डॉलर करापोटी मिळत होते. डोंगर घेतल्यावर त्यांनी खनिजांचा कारभार पाहणारे स्वतःचे खाते उघडले आणि खणणाऱ्यांना व व्यापाऱ्यांना रीतसर परवाने द्यायला घेतले.