सेल्टिकचा १९६६-६७ चा हंगाम

ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने १९६६-६७ च्या हंगामात ज्या ज्या स्पर्धेत भाग घेतला, ती प्रत्येक जिंकली: स्कॉटिश लीग, स्कॉटिश कप, लीग कप, ग्लासगो कप आणि युरोपियन कप. शहराच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश कुटुंबांसाठी मदत उभी करता यावी म्हणून १८८७ मध्ये हा क्लब स्थापन झाला होता. पुढे त्याने अनेकदा वैभव पाहिले, पण १९५४ नंतर मात्र लीगचे विजेतेपद त्याला बारा वर्षे हुलकावणी देत राहिले. मार्च १९६५ मध्ये जॉक स्टीन व्यवस्थापक झाले आणि चित्र पालटले. लॅनार्कशरच्या कोळसा खाणीत काम केलेले, पूर्वी याच क्लबचे कर्णधार राहिलेले स्टीन प्रॉटेस्टंट होते. कॅथलिक समाजाचा मानल्या जाणाऱ्या क्लबने त्यांच्या हाती सूत्रे द्यावीत, ही त्या काळच्या ग्लासगोत लहान गोष्ट नव्हती.

ऑक्टोबर १९६६ मध्ये बॉबी लेनॉक्सच्या एकमेव गोलवर रेंजर्सला हरवून सेल्टिकने लीग कप मिळवला. डिसेंबरमध्ये गोलांचा सपाटा लावलेला जो मॅकब्राइड गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. त्याच महिन्यात हार्ट्सकडून घेतलेल्या विली वॉलेसने ती उणीव भरून काढली. लीगच्या ३४ सामन्यांत संघाने १११ गोल केले आणि केवळ दोन सामने गमावले, तेही दोन्ही डंडी युनायटेडकडून!

युरोपात झ्यूरिक आणि नांत हे प्रतिस्पर्धी फारसे जड गेले नाहीत. खरी कसोटी लागली ती उपांत्यपूर्व फेरीत, युगोस्लाव्हियाच्या व्होयव्होदिनासमोर. नोवी सादमध्ये ०-१ अशी हार पत्करून परतलेल्या सेल्टिकने घरच्या मैदानावर एक गोल फेडला. सामना तटस्थ मैदानावर पुन्हा खेळावा लागणार, अशी चिन्हे असतानाच अगदी शेवटच्या क्षणी कॉर्नरवर कर्णधार बिली मॅकनीलने हेडर मारून गोल केला. उपांत्य फेरीत डुक्ला प्रागला ग्लासगोत ३-१ असे हरवल्यावर स्टीन यांनी प्रागमध्ये मात्र निव्वळ बचाव करून ०-० अशी बरोबरी साधली. हल्लेखोर खेळासाठी नावाजलेल्या संघाने अंतिम फेरी गाठली ती अशी, दारे लावून घेऊन. या हंगामाचे गुणगान करताना एवढा तपशील बहुधा वगळला जातो.

२९ एप्रिलला वॉलेसच्या दोन गोलांवर ॲबर्डीनला हरवून स्कॉटिश कप हाती आला. आठवड्याभराने, ६ मे रोजी, रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर २-२ अशी बरोबरी करून लीगही निश्चित झाली. सेल्टिकचे दोन्ही गोल ठेंगण्या जिमी जॉनस्टनचे होते.

२५ मे १९६७ रोजी लिस्बनच्या राष्ट्रीय स्टेडियमवर गाठ पडली हेलेनियो हेरेरा यांच्या इंटर मिलानशी. इंटरने १९६४ आणि १९६५ मध्ये हाच कप जिंकला होता. आघाडी मिळाली की ती पोलादी बचावाने राखायची, ही त्यांची ख्याती. तसेच घडू लागले: सातव्या मिनिटाला जिम क्रेगच्या चुकीबद्दल पेनल्टी मिळाली आणि माझ्झोलाने गोल केला. त्यानंतर इंटरचा संघ मागे सरकला आणि सेल्टिकने मारा सुरू केला. दोनदा चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला, कित्येक फटके गोलरक्षक सार्तीने अडवले. अखेर ६३ व्या मिनिटाला त्याच क्रेगने दिलेल्या पासवर टॉमी गेमेलने लांबून सणसणीत फटका मारून बरोबरी साधली. सामना संपायला पाचसहा मिनिटे उरली असताना बॉबी मर्डोकच्या फटक्याला स्टीव्ह चाल्मर्सने दिशा दिली आणि स्कोअर २-१ झाला.

युरोपियन कप जिंकणारा हा पहिला ब्रिटिश क्लब. त्या दिवशी खेळलेले अकराही जण सेल्टिक पार्कपासून साधारण तीस मैलांच्या परिघात जन्मलेले होते. याच शहरातला रेंजर्स सहा दिवसांनी कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिककडून जादा वेळेत ०-१ असा हरला.