विंडोज बदलली, मराठी अक्षरे जुळली : एका अपडेटचा इतिहास

१/ ‘तळेगाव दाभाडे’ हे नाव आज मोबाइलवर सहज उमटते. २००२ च्या सुमारास मात्र नवी कोरी विंडोज एक्सपी टाकलेल्या संगणकावर तेच नाव रिकाम्या चौकोनांच्या रूपात दिसू शकत असे. असे का होई? हा थ्रेड त्याविषयी.

२/ आरंभ जवळच, पुण्यात. १९८८ मध्ये येथे सी-डॅकची स्थापना झाली. तिच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधील देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला होता.

३/ छपाईच्या व्यवहारात मात्र निराळीच युक्ती रूढ झाली. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले गेले. डोळ्यांना मराठी दिसे. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी चिन्हेच असत. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी.

४/ १७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० आली. सोबत ‘मंगल’ फॉन्ट होता आणि अक्षरे जुळवणारी यंत्रणाही. ‘किल्ला’ लिहिताना वेलांटी साठवली जाते ‘क’नंतर, दिसावी लागते ‘क’आधी. हे काम आता कार्यप्रणालीच करू लागली.

५/ २५ ऑक्टोबर २००१ रोजी एक्सपी आली, तरी ही सोय आपोआप सुरू होत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषेच्या चौकटीत खूण करायची, विंडोजची मूळ सीडी घालायची, संगणक पुन्हा सुरू करायचा. मग मराठी दिसे. सीडी हाताशी नसेल, तर काम तिथेच अडे.

६/ खरा धोका पुढे होता. नवी विंडोज टाकताना अनेकदा संगणक ‘फॉरमॅट’ केला जाई. फाइली सीडीवर उतरवून ठेवल्या आणि फॉन्ट राहून गेला, की मजकूर शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे उरत.

७/ ३० जानेवारी २००७ रोजी बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये ही सोय मुळातच होती. २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान दिले. अशा बारकाव्यांचे मोल मावळातल्या माणसाला सांगावे लागत नाही : ‘दऱ्या’ सह्याद्रीत असतात, ‘दर्या’ कोकणच्या पायथ्याशी!

८/ पेशवे दफ्तरातील मोडी कागदांची शाई शाबूत आहे. वाचणारे थोडे आहेत. जुन्या फॉन्टमधील कुलवृत्तान्त, स्मरणिका, गावाचे इतिहास यांचीही तीच अवस्था होऊ शकते. फरक इतकाच की मोडी वाचायला ती लिपी शिकून सराव करावा लागतो. येथे योग्य परिवर्तक आणि एक दक्ष मुद्रितशोधक पुरतो.

९/ तेव्हा घरातील जुन्या सीडी एकदा उघडून पाहा. फाइल मिळाली, तर तिचा फॉन्टही जपा आणि मजकूर युनिकोडमध्ये आणा. आपल्या काळातील दफ्तर आपणच सांभाळायचे आहे.