ट्युलिपचा कंद : सट्टा, अन्न आणि प्रदर्शन

युरोप टूरला गेलेली आपली बडोद्याची माणसं हॉलंडच्या क्युकेनहॉफ बागेतले फोटो हमखास टाकतात. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही उभयतांनीही ती बाग पाहिली. ३२ हेक्टर, म्हणजे आपल्या कमाटीबागेपेक्षा लहानच. पण हिवाळ्याआधी तिथे सुमारे ७० लाख कंद हातांनी लावतात आणि प्रदर्शन चालतं जेमतेम आठ आठवडे. फुलांचं कौतुक सगळेच करतात. मला सांगायचंय ते मातीखालच्या कंदाबद्दल.

ट्युलिप मूळचा तिथला नव्हे. युरोपात तो तुर्कस्तानातून आला. १५९३ मध्ये क्लुसियस हे वनस्पतिशास्त्रज्ञ लायडन विद्यापीठात आले आणि त्यांनी तिथल्या बागेत कंद लावले. पुढच्या चाळीसएक वर्षांत त्याच कंदावर सट्टा सुरू झाला. माल जमिनीत आणि सौदे दारूच्या गुत्त्यात, कागदावर! कंद उन्हाळ्यात निघणार, पण चिठ्ठी त्याआधीच चार हातांतून फिरलेली. डच लोक याला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. सगळ्यात जास्त भाव पट्टेदार फुलांना. ते पट्टे विषाणूमुळे पडतात हे विसाव्या शतकात कळलं. म्हणजे रोगट कंदच सर्वांत महाग!

फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेमच्या लिलावात गिऱ्हाईक पुढे येईना आणि भाव कोसळले. यात अख्खा देश बुडाला असं आपण ऐकत आलो. पण इतिहासकार ॲन गोल्डगार यांनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की झळ थोड्याच सधन लोकांना लागली. तडा गेला तो दिलेल्या शब्दावरच्या विश्वासाला. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे नुकसान लहान वाटत नाही.

आता १९४४-४५ चा हिवाळा. जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद तोडली. सुमारे २० हजार माणसं उपासमारीने गेली. तेव्हा लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले. आतला पिवळा कोंब विषारी, तो काढून टाकायचा आणि बाकीचा शिजवायचा. एके काळी ज्याच्यावर सौदे झाले, तोच कंद आता पोटाला आधार.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, लिस गावचे महापौर आणि कंद पिकवणारे व्यापारी एकत्र आले आणि क्युकेनहॉफची योजना ठरली. १९५० च्या पहिल्याच वर्षी २ लाख ३६ हजार लोक आले. आजही कंद उत्पादक फुकट देतात. त्यांच्या दृष्टीने ती मालाची मांडणी. अट एवढीच की माल डोळ्यांसमोर फुललेला दिसतो.

कुणी जाणार असाल तर बागेतल्या पवनचक्कीवर जरूर चढा. पलीकडे शेतं दिसतात. तिथे फुलं उमलली की यंत्राने छाटून टाकतात, ताकद कंदात जावी म्हणून. आमच्या सौ.चा जीव हळहळला. पण तिथलं खरं पीक फूल नव्हे, कंद आहे.