संखिया, खानदान आणि रक्ताचा कर्करोग

देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली आपल्या शेजारी, बार्शीत सुरू झाली. बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातले भूम आणि परांडा हे तालुकेही तिच्यात आहेत. कर्करोग शहरातल्या लोकांना होतो, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. दुसरा समज मी तामलवाडीत आजही ऐकतो: रक्ताचा कर्करोग म्हणजे खानदानाच्या रक्तातच खोट. बापाला तो झाला की मुलीच्या रिश्त्याची बोलणी थांबतात.

1960 साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना एका ल्युकेमियाच्या पेशींत आखूड गुणसूत्र दिसलं. त्याचा तुकडा हरवलेला नव्हता. 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांत अदलाबदल झाली होती, हे जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये दाखवलं. ही मोडतोड आईबापांकडून आलेली नसते. आयुष्यात कधीतरी अस्थिमज्जेतल्या एका पेशीत ती घडते आणि तिच्यापासून झालेल्या पेशींतच राहते. वारशाने धोका येणारी घराणी आहेत, पण फार थोडी.

मला विलक्षण वाटते ती एपीएल या ल्युकेमियाची कथा. इथे 15 आणि 17 यांचे तुकडे जुळतात. कोणतं जनुक कधी चालू, कधी बंद, हे सांभाळणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक, अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या आम्लाचा इशारा मिळताच, पांढऱ्या पेशींना पिकवणारी जनुकं चालू करतं. तुकडे जुळून तयार झालेलं प्रथिन मात्र ती बंदच ठेवतं. पेशी कच्च्या राहतात आणि वाढत सुटतात. 1985 मध्ये शांघायच्या वांग झेन-यी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला हेच आम्ल औषध म्हणून दिलं. कच्च्या पेशी पिकल्या, मुलगी वाचली.

पुढे चीनच्याच हार्बिनमधून संखिया आला. मराठीत सोमल, आपल्या हकीमांच्या कुश्त्यांतलं जुनं जहर. तो त्या जोडप्रथिनालाच मोडतो. (म्हणून कुणी कुश्ता शोधत फिरू नये, दवाखान्यात तो मोजून शिरेतून देतात.) धोका कमी किंवा मध्यम असलेल्या रुग्णांना ही दोन्ही औषधं एकत्र दिली, तेव्हा दोन वर्षांनी 99 टक्के हयात होते, असं 2013 च्या युरोपीय अभ्यासात दिसलं.

घात होतो तो उशिरानं. या आजारात पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावानं माणूस जातो. हिरड्यांतून रक्त, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग दिसले, तर त्याच दिवशी सोलापूर किंवा बार्शी गाठावी.