मध्यरात्रीची घंटा

फौजेत घर बदलणं ही काही बातमी नव्हे. मूव्हमेंट ऑर्डर हातात पडली की काळ्या ट्रंकांवरचा जुना पत्ता खरवडायचा, पांढऱ्या रंगाने नवा लिहायचा, मुलांचे शाळेचे दाखले घ्यायचे आणि निघायचं. पण २०२० साली झालेली तंजावरची बदली वेगळी निघाली. २५ मार्चपासून देश बंद होता. आमची बदली आधी लांबली आणि मग पावसाळ्याच्या तोंडावर एकदम आली. ई-पास काढून आम्ही स्वतःच्या गाडीने निघालो. वाटेत एका लॉजवाल्याने गाडीची परराज्यातली नंबरप्लेट पाहून हात जोडले. रात्र गाडीत काढली. सौ.ने बांधून घेतलेल्या दशम्या तिसऱ्या दिवसापर्यंत पुरल्या.

तंजावरला पोहोचल्यावर चौदा दिवस विलगीकरण. सामानाचा ट्रक मागे कुठेतरी अडकलेला. चौघांचा संसार दोन चटया आणि एका कुकरवर चालला होता. शेजारचं तमिळ कुटुंब रोज दाराबाहेरच्या स्टुलावर डबा ठेवायचं, बेल वाजवायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं. चेहरे आम्ही दोन आठवड्यांनी पाहिले, तेही अर्धेच. त्या रिकाम्या घरात मी तंजावरचा इतिहास वाचायला घेतला.

हे गाव आपल्याला परकं नाही, हे सर्वांना माहीत आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७६ च्या सुमारास इथे राज्य स्थापलं आणि भोसल्यांचं घराणं १८५५ पर्यंत इथे नांदलं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. आपली माणसं इथे येतात, ही दोन्ही ठिकाणं पाहतात, फोटो काढतात आणि परततात. मला मात्र त्या चौदा दिवसांत तिसऱ्याच गोष्टीने धरून ठेवलं. ती म्हणजे तंजावरची छत्रं.

छत्र म्हणजे आपलं अन्नछत्र आणि धर्मशाळा एकत्र. रामेश्वरच्या यात्रामार्गावर भोसल्यांनी अशी छत्रं ठिकठिकाणी बांधली. बरीचशी राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांनी ओळखली जातात. नीडामंगलमचं यमुनांबाचं. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडूला मुक्तांबाचं, ते सरफोजी राजांनी १८०२ च्या सुमारास उभं केलं.

हे दुसरे सरफोजी म्हणजे १७७७ चा जन्म, दत्तक आलेले. दरबारातल्या कलहापायी त्यांना तरुणपणी तंजावर सोडून मद्रासला राहावं लागलं होतं. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तह करून राज्याचा कारभार काढून घेतला. हाती किल्ला आणि वाडा तेवढा उरला. अशा अवस्थेत जानेवारी १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला छत्रांबद्दल एक पत्र लिहिलं. फौज गेली, महसूल गेला. अशा वेळी राजा वाटसरूंच्या जेवणासाठी शब्द खर्च करतो. या दानधर्मामुळे तंजावरला धर्मराज्य म्हणतात आणि तोच आपल्या पदाचा सर्वांत मोठा मान आहे, असं तो सांगतो.

त्या पत्रातली छत्राची व्यवस्था एखाद्या युनिटच्या स्टँडिंग ऑर्डरसारखी आहे. ब्राह्मणापासून पारियापर्यंत येईल त्या वाटसरूला भात. शिजवलेला नको असेल त्याला कोरडा शिधा. आजारी पडेल त्याला वैद्य, औषध आणि पथ्याचं जेवण, बरा होईपर्यंत. गरोदर बाई वाटेत अडली तर बाळंतपणाचा खर्च छत्राचा, पुढे तीन महिने राहण्याची मुभा. पोरक्या मुलांना पंतोजींच्या हवाली करायचं. मरेल त्याचे अंत्यविधी त्याच्या रीतीप्रमाणे. आणि जेवणं मध्यरात्रीपर्यंत चालायची. मग घंटा वाजवून पुकारा व्हायचा की कोणी उपाशी राहिलं असेल तर त्याने यावं.

या घंटेपाशी मी थांबलो. जेवण वाटणं सोपं असतं. वाटून झाल्यावर कोण राहिलं, हे विचारण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

आता कोणी म्हणेल, साथीच्या काळात गर्दीचं छत्र म्हणजे रोगाला आमंत्रणच. खरं आहे. १८१७ मध्ये जेसोरकडून कॉलऱ्याची साथ उठली आणि त्याच वर्षी पेंढारी व मराठ्यांविरुद्ध निघालेल्या हेस्टिंग्जच्या फौजेला तिने बुंदेलखंडात गाठलं. लष्कर आणि बाजारबुणगे मिळून हजारो माणसं छावणीत मेली. रोग रस्त्यांनी चालतो आणि रस्त्यावर आपण असतो. सैनिक, यात्रेकरू, मजूर. म्हणून साथीत वाटसरूची भीती वाटते, आणि ती खोटी नसते. त्या लॉजवाल्यावर माझा राग नाही.

पण रस्ता बंद केल्याने वाटसरू नाहीसा होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे निघाले होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी जाण्यासाठी. रुळांवर पडलेल्या चपात्यांचे फोटो आपण सर्वांनी पाहिले. माझी बदली आणि त्यांचं घरी जाणं यांत फरक एवढाच, की माझ्या हातात सरकारी कागद होता आणि पोहोचल्यावर माझी नोंद घेणारं कोणीतरी होतं.

त्या काळात अन्न वाटणारे हात कमी नव्हते. गुरुद्वारे होते, गावोगावचे तरुण होते, आपले जवानही होते. कमी पडली ती घंटा. घर सोडलेला आणि घरी न पोहोचलेला माणूस कोणाच्या यादीत असतो, हे ठरलेलं नव्हतं. १८०१ मध्ये राज्य गमावलेल्या एका राजाने ते ठरवलं होतं. तो त्याच्या यादीत होता.

मित्रहो, तंजावरला आलात तर मोठं मंदिर पाहाच. पण पट्टुकोट्टैच्या रस्त्याने तासाभराची वाट वाकडी करून ओरत्तनाडूलाही जा. मराठ्यांच्या पराक्रमाच्या खुणा आपण किल्ल्यांवर शोधतो. त्यातली एक इथे आहे, उपाशी माणसाच्या वाटेवर.